घोयऱ्याला माझ्या हातचं चालेना

आमच्या घरात कोण काय खात नाही, याची यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे. नवरा कारलं खात नाही, आणि घरात शेपू शिजला की जेवायच्या वेळी त्याला हमखास बाहेर काम निघतं. सासूबाई चहा सोडून हॉटेलचं काही घेत नाहीत, चतुर्थीला कांदा-लसूण नाही, आणि एरवीही तेल त्यांच्या डोळ्यांदेखत ओतलेलं नसेल तर त्यांना भाजी गोड लागत नाही. मी सगळं खाते. घरात एकाने तरी सगळं खावं लागतं, नाहीतर उरलेल्याचं काय करायचं? ही यादी मी कुणाचे लाड पुरवायला केलेली नाही. सकाळी मला एमआयडीसीत कामावर जायचं असतं आणि रोज उठून ‘आज काय करू’ हा प्रश्न मला परवडत नाही.

गेल्या वर्षी कापूस वेचणीला आला त्या सुमारास या यादीत एक नवीन ओळ वाढली, आणि त्या एका ओळीने माझा जीव मेटाकुटीला आणला.

त्या दिवशी चतुर्थी होती. नवरा आणि आत्या मोटारसायकलवर राजूरच्या गणपतीला गेले होते. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. दुपारी ते परत आले. आत्या उतरल्या, पदर सावरला आणि मांडीवर धरून आणलेली कापडी पिशवी माझ्या हातात दिली.

“प्रसाद वरच्या कप्प्यात हाय,” त्या म्हणाल्या. “खाली दस्तीत काय बांधलंय ते ह्याला इचार. मला म्हणला, नुसती धरून बस, उघडू नको.”

पिशवी हलली.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोटारसायकल स्टँडवर लावण्यात फारच गुंतला होता.

“अगं, सावकाश घे,” तो तिकडे तोंड करूनच म्हणाला. “पायाला लागलंय त्याच्या.”

मी दस्तीची, म्हणजे त्याच्या मोठ्या रुमालाची, गाठ सोडली. आत बोटभर जाडीचा, वीतभर लांबीचा एक काळपट प्राणी अंग चोरून बसला होता. शेपटी गुंडाळलेली, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा. दोन गोल डोळे. त्यातला एक माझ्याकडे बघत होता आणि दुसरा आत्यांकडे.

“घोयरा!” आत्या ओरडल्या. “अरे मेल्या, घोयरा हाय त्यो! माझ्या मांडीवर? राजूरपासून?”

आत्यांचं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपण सगळं रानात गेलेलं. त्यांच्या वडिलांना वाटेत घोयरा दिसला तर ते अख्खा कळप वळवून न्यायचे म्हणे. घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा; तो चावला की माणूस पाणी मागत नाही, त्याची जीभ लागली तरी संपलं, अशी त्यांची पक्की समजूत. त्या तशाच न्हाणीघरात शिरल्या आणि लुगड्यासकट अंगावर पाणी ओतून घेतलं. आतून बोलणं चालूच होतं.

“देवाला नेलं का मारायला नेलं रे मला?”

नवऱ्याने मग सगळं सांगितलं. येताना आत्या टपरीवर चहा घेत बसल्या होत्या, तेव्हा पुढच्या वळणावर चार माणसं हातात दगड घेऊन उभी दिसली. मधे हा, डांबरावर, डुलत डुलत एकेक पाऊल टाकत. मागच्या पायावरून सायकलबियकल गेली असावी. नवऱ्याने त्या माणसांना सांगितलं, “मारू नका, मला औषधाला पाहिजे.” औषधाला म्हटल्यावर सगळ्यांनी आदराने वाट दिली. एकाने तर कशावर चालतं तेही विचारलं. नवरा म्हणाला, संधिवातावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी पाय बघून मलम लावलं आणि वनखात्याला कळवलं. संध्याकाळी वनरक्षक घरी आले. तरणेच होते, पण बोलणं मोजकं. त्यांनी मागच्या अंगणात डाळिंबाच्या झाडावर त्याला ठेवून नीट पाहिलं.

“हा विषारी नसतो, मावशी,” ते आधी आत्यांना म्हणाले.

“तुमचं वय काय?” आत्यांनी विचारलं. त्यांनी सांगितलं. “मंग तुम्हाला काय माहीत,” असं म्हणून आत्या आत निघून गेल्या.

मग ते माझ्याकडे वळले. घोयरा पाळता येत नाही, कायदा आहे, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. मी म्हटलं, मला पाळायचाही नाही. पण उपचार केंद्र लांब होतं, आणि एवढ्या प्रवासाने तो जास्तच खचला असता. “जखम भरेस्तोवर इथंच राहू द्या, मी नोंद घेतो,” ते म्हणाले. “फक्त त्यानं खाल्लं पाहिजे, ताई. खाल्लं तर जगंल. जिभेनं स्वतः धरून खायला लागला की मला फोन करा, सोडून देऊ.”

“काय खातो?”

“किडे. जिवंत.”

“किती?”

“ते तुम्ही त्यालाच विचारा,” असं म्हणून ते हसले आणि गेले.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी बियाण्याच्या कारखान्यात गोदाम सांभाळते. माझं अख्खं काम एका वाक्यात सांगता येतं: किडा दिसता कामा नये. पोत्यांच्या थप्प्यांना धुरी देणं, जमिनीच्या फटी बुजवणं, चाळण्या झाडून घेणं, सगळं त्यासाठी. घरीसुद्धा माझ्या गव्हाच्या कोठीत वर्ष उलटलं तरी सोंडा सापडायचा नाही. नात्यातल्या बायका डाळीला पावडर कशी लावायची ते मला विचारून लावतात. आणि आता मला किडे पाहिजे होते. ताजे, हलते, रोजच्या रोज.

दुसऱ्या दिवशी कामावर मी नेहमीच्या आवाजात विचारलं, “कुठं किडलेलं धान्य आहे का?”

दोन बाया ताबडतोब झाडू घेऊन कोपऱ्याकडे धावल्या. चाळणीवरची बाई, ती माझ्याइतकीच जुनी, जागची हलली नाही.

“न्हाई मॅडम, बिलकुल न्हाई. कालच सगळं झाडून घेतलंय.”

“अगं, मला पाहिजेत.”

“काय पाहिजेत?”

“किडे.”

तिने चाळणी थांबवली. “मॅडम, इतकी वर्षं किडा दिसला म्हणून तुम्ही आमची हजेरी घेतली. आता न्हाई म्हणून घेऊन राह्यल्या का?”

सगळा प्रकार सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पण दुसऱ्या दिवशी तिने घरून बरणीभर सोंडे पडलेली ज्वारी आणली, वर कापड बांधून. “माझ्या सासूच्या कोठीतली हाय,” ती म्हणाली. “तिला सांगू नका.”

घोयऱ्याने सोंड्यांकडे पाहिलंही नाही. पाहिलं म्हणजे एका डोळ्याने पाहिलं, दुसरा त्याने तेवढ्यापुरता दुसरीकडे फिरवला. सोंडा म्हणजे अगदीच मोहरीएवढा जीव, त्याचंही बरोबर होतं. मी मोठ्या मापाच्या मागे लागले. आता जालन्याच्या आसपास किडा मिळणं अवघड नाही, पण न फवारलेला किडा मिळणं फार अवघड. कापसावर फवारणी, मोसंबीवर फवारणी, आणि कशावर काय फवारतात ते मला पाठ आहे. औषध प्यालेला टोळ मी त्याला देणार नव्हते. शेवटी गावाबाहेरच्या गायरानात, जिथे फक्त गवत आणि बाभळी आहेत, तिथे सुट्टीच्या दिवशी मी आणि नवरा नाकतोडे धरायला गेलो. मी जुनी ओढणी टाकून धरत होते. नवरा दिशा दाखवत होता. तो नाकतोड्याला घाबरतो हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं.

“तो बघ, तिकडं!”

“धरा ना मग.”

“मी बघून राह्यलो ना. धरणारानं धरावं, बघणारानं बघावं.”

गवतात चाललेली आमची ही उडाउडी शेळ्या घेऊन आलेल्या दोन बायांनी बराच वेळ पाहिली. “काय हरवलं का बाई?” एकीने विचारलं. मी म्हटलं, नाही, धरून राह्यलोय. त्यांनी शेळ्या लांबून नेल्या.

घरी सगळी व्यवस्था चोख होती. डाळिंबाच्या झाडावरून मच्छरदाणी टाकून मी चारी बाजूंनी विटा ठेवल्या होत्या. इस्त्रीच्या वेळी पाणी शिंपडायची बाटली पानांवर मारून ठेवत होते, कारण वाटीतलं पाणी तो पीत नाही, पानावरचा थेंब चाटतो, असं वनरक्षकांनी सांगितलं होतं. पाणी तो प्यायचा. खाणं मात्र नाही. मी हिरवा नाकतोडा देऊन पाहिला, तपकिरी देऊन पाहिला, लहान, मोठा, पंखवाला, बिनपंखाचा. रातकिडा दिला. दिव्याखालचा पतंग दिला. एकदा पांढरी अळी वाटीत ठेवली, शेजारी दुसऱ्या वाटीत मुंगळे, आणि मला स्वतःलाच ते ताट वाढल्यासारखं दिसलं. मग माझ्या लक्षात आलं की आम्ही त्याला पाहुण्यासारखं जेवायला घालत होतो. मी समोर, नवरा बाजूला, आणि स्वयंपाकघराच्या दारात आत्या, तोंडाला पदर लावून. पाहुणा ताटावर बसला की आमच्याकडे कुणी तोंड फिरवत नाही. त्याने पहिला घास घेईपर्यंत सगळे बघत राहतात, आणि घेतला की ‘अजून घ्या’ सुरू होतं.

“घे रे,” नवरा म्हणायचा. “एवढा एक.”

घोयरा अंग फुगवायचा, काळा पडायचा आणि तोंड उघडून फिस्स करायचा. तसं सरळ नाही म्हणणारा पाहुणा आमच्या घरी पहिल्यांदाच आला होता.

मी हातात धरून द्यायला लागले. नाकतोड्याचे मागचे पाय दोन बोटांत धरून त्याच्या तोंडापुढे न्यायचा. दोन्ही डोळे हळूहळू पुढे यायचे, एकत्र व्हायचे, नाकतोड्यावर स्थिर व्हायचे. मी श्वास रोखून धरायचे. मग त्यातला एक डोळा माझ्या बोटांवर घसरायचा, आणि तो तोंड फिरवायचा. प्रत्येक वेळी असंच. नाकतोड्यापर्यंत सगळं ठीक, बोटं दिसली की नाही.

तेव्हा मी माझ्या बोटांकडे बघितलं. गुलाबी.

आमच्याकडे बीजप्रक्रिया झालेलं बियाणं गुलाबी रंगाचं असतं. त्याला औषध चोळलेलं असतं, आणि कुणी चुकून ते दळायला नेऊ नये, जनावरांना घालू नये, म्हणून मुद्दाम रंगवतात. गुलाबी म्हणजे खायचं नाही, हे आमच्या गोदामातल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. मीच शिकवते. हातमोजे सगळ्यांना सक्तीचे आहेत, मलाही. पण दाणा कसा भरलाय ते मोज्यातून कळत नाही, म्हणून मी मोजा काढून मूठभर दाणे हातात फिरवते. घरी येऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुते, पण रंग काही नखांच्या कडांतून जात नाही. कित्येक वर्षं मी त्याच हाताने भाकरी थापते आणि कधी मनात काही आलं नाही. पण भाकरीचं पीठ आणि बोटभर जीव यात फरक असतो. त्या रंगाबरोबर काय काय जातं, ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? त्याच बोटांनी मी त्याच्या तोंडापुढे किडे धरत होते. त्याने नाही म्हटलं म्हणून बरं.

त्या दिवसापासून मी बाजूला झाले. कामावर हातमोजा काढणंही बंद केलं, पण रंग काही एका आठवड्यात जात नाही. भरवायचं काम नवऱ्याकडे आलं.

नवऱ्याने पापड भाजायचा चिमटा मागितला. मी दिला नाही. त्याने मिशीची कात्री आणली. मी तीही परत ठेवायला लावली. शेवटी त्याच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानातला तारा धरायचा बारीक चिमटा आला. डोळे मिटून तो चिमटा पुढे करायचा.

“घेतला का?”

“डोळे उघडा आणि बघा.”

“तू सांग ना.”

“तुम्ही नाकतोडा त्याच्या शेपटीला दाखवून राह्यलात.”

एकदा नाकतोडा चिमट्यातून सुटून नवऱ्याच्या सदऱ्यात गेला. अंगणात जो नाच झाला तो पाहून आत्या पहिल्यांदा दारातून एक पाऊल बाहेर आल्या, आणि हसून हसून भिंत धरून उभ्या राहिल्या. घोयऱ्याने मात्र दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळ्या दिशेने ते सगळं पाहिलं आणि काहीही खाल्लं नाही.

पुढे हसण्यासारखं राहिलं नाही. पायाची जखम सुकली होती, पण त्याच्या पाठीचा कणा वर यायला लागला होता. डोळे, जे आधी वाटाण्यासारखे गोल बाहेर आलेले होते, ते आत गेल्यासारखे वाटत होते. सकाळी ऊन आलं तरी तो हिरवा होत नव्हता. मी कामावरून घरी येताना रिक्षात बसून एकच विचार करत असायचे, आज खाली पडलेला सापडेल. घरात शिरताना चप्पल काढायच्या आधी मागे जाऊन बघायचे. कुणाला सांगितलं नाही. एका सरड्यासाठी जीव असा होतो म्हणून सांगणार कुणाला, आणि तेही मी, जिने पोतीच्या पोती किडे धुरीने मारले?

वनरक्षक येऊन बघून गेले.

“रविवारपर्यंत खाल्लं न्हाई तर मी घेऊन जातो,” ते म्हणाले. “तिकडं नळीनं काहीतरी देतील. पण असा अशक्त, इतक्या लांब...”

शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी असते. दुपारी मी मच्छरदाणी वर गुंडाळून ठेवली होती, त्याला ऊन मिळावं म्हणून. पळून जाण्याइतकं बळ त्याच्यात राहिलं नव्हतं. तो डाळिंबाच्या खालच्या फांदीवर डोळे मिटून बसला होता. आत्या पलीकडे पाटावर बसून मोसंबी सोलत होत्या. एरवी त्या इतक्या जवळ बसत नसत, पण आज त्याच्यात जीवच नाही म्हटल्यावर त्यांची भीती कमी झाली असावी. किंवा त्यांनाही बघवत नसेल. विचारलं असतं तर त्यांनी कबूल केलं नसतं.

मोसंबीचा रस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता. हातावर हिरवं गोंदण आहे त्यांच्या, तुळस आणि दोन मोर. त्यावर माश्या बसत होत्या आणि त्या फुंकर मारून उडवत होत्या. मोसंबी खाऊन झाल्यावर त्यांनी उठायला नेहमीप्रमाणे डाळिंबाचं खोड धरलं. गुडघे दुखतात म्हणून त्या एका दमात उठत नाहीत. हात खोडावर, मग थोडं थांबणं, मग देवाचं नाव, मग उठणं. त्या थांबल्या तेवढ्यात एक माशी मोरावर येऊन बसली.

मला फक्त ‘टप्’ असा आवाज ऐकू आला. ओला, बारीक.

आत्या जागच्या जागी थिजल्या. माशी नव्हती. फांदीवर घोयरा सावकाश तोंड हलवत होता.

“गेले,” आत्या म्हणाल्या. “गेले मी. जीभ लागली.”

“खाल्लं!” मी ओरडले. “अहो, खाल्लं! बाहेर या जल्दी! त्यानं खाल्लं!”

“अगं, मी मरून राह्यले!”

“हलू नका आत्या. हात तसाच ठेवा.”

“हात तसाच? पोरींना फोन लाव. माझ्या पोरींना बोलवा.”

“लावते, लावते. दुसरी माशी येऊन राह्यली, जरा हात वर घ्या.”

नवरा धावत आला. एकीकडे आई खोडाला टेकून डोळे मिटून पोरींची नावं घेतेय, दुसरीकडे बायको तिच्या हाताखाली वाकून माशीची वाट बघतेय, हे पाहून त्याला कुणाला आधी विचारावं ते कळेना. तेवढ्यात पुन्हा ‘टप्’ झालं.

आत्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग फांदीकडे. बराच वेळ झाला तरी आपण उभ्याच आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

“आत्या, कसं वाटतंय?”

“गार लागलं जरासं,” त्या म्हणाल्या. आणि मग, आवाज एकदम खाली आणून, “उपाशी व्हतं गं लेकरू.”

त्यानंतरचे दिवस आत्यांच्या राज्याचे होते. सकाळी पूजा झाली की त्या हाताला मोसंबीचा रस लावून पाटावर बसायच्या आणि हात फांदीजवळ धरून ठेवायच्या. माश्या त्यांच्याकडे यायच्या, जीभ माश्यांकडे यायची. मी किती वेळा सांगितलं की आता टोळही देऊन बघू, नुसत्या माश्यांवर अंग भरायचं नाही. त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

“तू राहू दे बाई. तुझ्या हातचं लागत न्हाई त्याला.”

हे वाक्य त्या दिवसातून दोनतीनदा म्हणायच्या. फोनवर नणंदांनाही म्हणायच्या. शेजारीण आली तर तिला अंगणात नेऊन, हात पुढे करून, माशी येईपर्यंत बसवून ठेवायच्या. “बघ आता. बघ हं. हिच्याकडून घेत न्हाई, माझ्याकडून बराबर घेतो.” आणि घोयरा घ्यायचा. माझ्याकडे एका डोळ्याने बघत घ्यायचा. मी मनाला लावून घेतलं नाही असं म्हणणार नाही. ओढणी टाकून नाकतोडे मी धरले होते, गायरानात मी हसं करून घेतलं होतं. पण तो हिरवा व्हायला लागला होता, डोळे बाहेर आले होते, आणि मला भांडायचं नव्हतं.

टोळसुद्धा त्याने घेतला, पण नवऱ्याने चिमट्यात धरलेला नाही. मी दोनचार टोळ बोट न लावता, ओढणीतूनच झाडावर नुसते सोडून दिले आणि सगळ्यांना आत हाकललं. कुणी समोर बसायचं नाही, कुणी ‘घे’ म्हणायचं नाही. खिडकीतून मी पाहिलं: तो पानासारखा डुलत पुढे गेला, थांबला, दोन्ही डोळे एक केले आणि जिभेने टोळ ओढून घेतला. कुणाचा हात नाही, कुणाचा आग्रह नाही. एक खाल्ला आणि दुसऱ्याला सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी टोळाकडे बघितलं नाही, रातकिडा खाल्ला. तिसऱ्या दिवशी रातकिडाही नको. नखरा गेला नव्हता, पण खात होता.

मी वनरक्षकांना फोन केला. करायचाच होता.

आत्यांना हे कळलं तेव्हा त्या दोन तास माझ्याशी बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अजून अशक्त हाय.” मग म्हणाल्या, “थंडी सरू दे.” वनरक्षक दारात आले तेव्हा म्हणाल्या, “पाय बघा त्याचा, बराबर टेकवत न्हाई.” वनरक्षकांनी पाय पाहिला. तो चिमट्यासारखा फांदीला इतका घट्ट धरून होता की सोडवायला वेळ लागला.

“मावशी, हाच ना तो विषारी?” त्यांनी विचारलं.

“तवा व्हता,” आत्या म्हणाल्या.

त्याच गायरानात, रस्त्यापासून बरंच आत, एका बाभळीवर त्याला सोडलं. आत्या येणार नाही म्हणत होत्या, पण रिक्षा आली तेव्हा आधी त्याच आत बसलेल्या होत्या. हाताला मोसंबीचा रस लावून आल्या होत्या. वनरक्षकांनी त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगितलं की आता हात पुढे करायचा नाही. त्यांनी हात पदरात घेतला. माश्या पदराभोवती फिरत राहिल्या.

घोयरा फांदीवर दोन पावलं पुढे गेला, एक मागे आला, पुन्हा दोन पुढे. आम्ही लांब जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने तो आणि फांदी यांत मला फरक करता येईना. नवरा म्हणाला, तो बघ, तिकडं. वनरक्षक म्हणाले, ती शेंग आहे.

घरी आल्यावर मी मच्छरदाणी धुऊन घडी घातली आणि विटा जागेवर नेऊन ठेवल्या. आत्या काही दिवस सकाळी पाटावर बसायच्या खऱ्या, पण मोसंबी न खाता.

महिना दीड महिन्याने वनरक्षकांचा फोटो आला. ते त्या बाजूने फेरीवर गेले होते. तीच बाभळ, तोच उंचवटा डोक्यावर, मागच्या पायावर जखमेची फिकट खूण. रंग पोपटी, आणि पोट असं गोल की फांदीवर मावत नव्हतं. तोंडातून कसला तरी पंख बाहेर लोंबत होता. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘तब्येत उत्तम.’

मी फोन आत्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी लांब धरला, मग जवळ, मग दारात उजेडात नेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला.

“वाळलंय गं,” त्या म्हणाल्या.

“आत्या, पोट बघा. केवढं झालंय.”

“पोट सोड. तोंड बघ. तोंड उतरलंय त्याचं.”

मी फोन परत घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, तोंडापर्यंत गेले, पुन्हा पोटाकडे आले, पुन्हा तोंडाकडे गेले. धडधाकट, गलेलठ्ठ घोयरा होता. मी पुन्हा एकदा पाहिलं.

“जरासं,” मी म्हटलं. “जरासं उतरलंय खरं.”